लपवणाऱ्यांचं संमेलन

शिवराई गोळा करणारा माणूस आपल्याकडे नेमक्या किती शिवराया आहेत हे घरच्यांनाही खरं सांगत नाही. कुठून आणल्या, कितीला आणल्या, कुणी दिल्या, यातल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे एकच गुळगुळीत उत्तर असतं: "घरातल्याच आहेत, जुन्या." अशा माणसांचं दोन दिवसांचं संमेलन साताऱ्यात भरवायचं असं आम्ही पाच-सहा जणांनी ठरवलं, तेव्हा डोक्यात हॉल, जेवण आणि माइक एवढंच होतं. पहिले चार फोन झाले आणि कळलं की हॉल मिळेल, आचारी मिळेल, पण ज्यांना बोलवायचं त्यांना आपण संग्राहक आहोत हे चारचौघांत कबूल करायला लावणं हेच मोठं काम आहे. "येतो की. पण यादीत नाव नका घालू," असं म्हणणारे निम्म्याहून जास्त.

ज्यांना या छंदाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिवराई म्हणजे मराठ्यांचा तांब्याचा पैसा. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. होन इतके दुर्मिळ की आमच्यापैकी कुणी तो हातात घेण्याची स्वप्नंही बघत नाही. शिवराई मात्र पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पडत राहिली. छत्रपती बदलले, कारभार पेशव्यांकडे गेला, इंग्रज आले, तरी अक्षरं तीच. टांकसाळी अनेक, कारागीर अनेक, त्यामुळे कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव'. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असलेली ती दुदांडी. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, म्हणून सगळी अक्षरं पूर्ण उमटलेलं नाणं क्वचितच मिळतं. मोठ्या शहरांतल्या नाण्यांच्या प्रदर्शनांत मुघल रुपये आणि राणी छाप नाण्यांच्या मधे कुठेतरी शिवरायांचा एक ढीग असतो, आणि त्या ढिगावर वाकून तासन्‌तास 'शि' आणि 'सी' वेगळं करत बसणारी दोन-तीन माणसं असतात. ती आम्ही.

मग घरी बसून ढीग चाळायचा सोडून संमेलन कशाला? कारण ठसे जुळवायचे होते. दोन नाणी एकाच ठशातून निघाली असतील तर ती एकाच टांकसाळीतली आणि साधारण एकाच वेळची. पण एक नाणं नाशिकला, दुसरं कोल्हापुरात. फोटो पाठवा म्हटलं तर कुणी पाठवत नाही, कारण चांगल्या नाण्याचा स्वच्छ फोटो बाहेर गेला की काही महिन्यांत त्याची नक्कल बाजारात येते अशी सगळ्यांना भीती. ही भीती अगदीच खोटीही नाही. म्हणजे नाणं नाण्याशेजारी ठेवून बघायचं असेल तर माणसंच एका टेबलाशी आणायला हवीत.

तारखेचा घोळ फार मोठा झाला. मंगल कार्यालय परवडायचं तर लग्नाचे मुहूर्त नकोत. चातुर्मासात कार्यालयं रिकामी असतात म्हणून कुणीतरी श्रावण सुचवला. पण नाण्यांच्या व्यापारात जैन मंडळी बरीच. पर्युषणाच्या दिवसांत त्यांना बोलावणं शक्य नव्हतं. शिवाय साताऱ्याच्या पावसात तांब्याची नाणी दोन दिवस उघडी मांडायची, हे ऐकूनच काही जण गप्प झाले. पितृपंधरवड्यात कार्यालयवाला निम्म्या भाड्यात द्यायला तयार होता, तर त्या दिवसांत नवी वस्तू घ्यायची नाही म्हणणारे निघाले. दिवाळीनंतर लोक गावाला, मग तुळशीचं लग्न, आणि ते लागलं की माणसांची लागायला सुरुवात. उरला पौष. पौषात आपल्याकडे लग्नं नाहीत, हवा कोरडी, कार्यालयवाला फोन आपणहून उचलतो. संक्रांतीनंतरचा शनिवार-रविवार पकडला. तोही तिसरा शनिवार, कारण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, आणि आमच्याच काही जणांची नाणी लॉकरमध्ये.

२०२५ च्या त्या जानेवारीत साताऱ्यात आणखी एक आकर्षण होतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं आदल्या जुलैपासून साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात ठेवली होती. बाहेरगावचे लोक आमच्यासाठी नाही तर वाघनखांसाठी तरी येतील असा आमचा हिशेब. तो जरा जास्तच बरोबर निघाला. रविवारी सकाळचं सत्र सुरू झालं तेव्हा अर्धे प्रतिनिधी बसस्टँडजवळच्या संग्रहालयात रांगेत होते, आणि वक्ते आयोजकांकडे बघून बोलत होते.

उद्घाटक कोण, फ्लेक्सवर कुणाचा फोटो, 'राष्ट्रीय परिषद' म्हणायचं की 'मेळावा', यावर ज्या बैठका झाल्या त्यांचं वर्णन करत नाही. कुठल्याही गावात कुठलंही संमेलन भरवलेल्या माणसाला त्या पाठ असतात.

व्यापाऱ्यांचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आमच्यातल्या अभ्यासक मंडळींना व्यापारी नकोच होते. "बाजार भरवायचा असेल तर मला बोलवू नका," असं कोरेगावच्या सरांनी स्पष्ट सांगितलं. पण टेबलांचं भाडं आल्याशिवाय कार्यालयाचं भाडं निघत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या प्रत्येकाच्या पेटीतली निम्मी नाणी याच व्यापाऱ्यांकडून आलेली. शिवाय कायदा होता. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते जवळ बाळगायला हरकत नाही, पण त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते परदेशी पाठवता येत नाही. शिवराई तर सगळीच शंभर वर्षांपलीकडची. त्यामुळे ज्याच्याकडे परवाना त्यालाच विक्रीचं टेबल, बाकीच्यांनी फक्त दाखवायचं किंवा आपसांत अदलाबदल करायची, असा नियम केला आणि प्रत्येक टेबलवाल्याकडून परवान्याची झेरॉक्स घेतली. दोघा-तिघांनी याच मुद्द्यावर फोन ठेवला. लिलाव करा असाही आग्रह होता. तो आम्ही सरळ नाकारला; लिलावात माणसं हट्टाला पेटतात आणि नंतर वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

तोडगा असा निघाला: शनिवारी विक्री बंद, फक्त नाणी दाखवणं आणि भाषणं, टेबलं रविवारी. "मग आम्ही रविवारीच येऊ," असं व्यापारी म्हणाले. प्रत्यक्षात शनिवारी सकाळी साडेआठला, आचारी पोहोचायच्या आत, ते दारात उभे होते. कुणाच्या पेटीत काय आहे हे बघायची अशी संधी कोण सोडेल? दिवसभर ते हात मागे बांधून टेबलाटेबलांवरून फिरले, काही बोलले नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना आमच्या संग्रहांची माहिती आमच्यापेक्षा जास्त झाली.

कार्यालयातला उजेड नवरीसाठी असतो, नाण्यासाठी नसतो. पिवळे दिवे, झुंबर, मागे रंगीत पडदा. काळपट तांब्यावरचं अक्षर त्यात दिसेना. शेवटी सगळ्यांनी घरून मुलांचे अभ्यासाचे टेबल-दिवे आणले आणि वायरमननं एक्स्टेंशनची अशी जाळी विणली की चालताना पाय बघून टाकावा लागे. पांढऱ्या चादरींवर गडद निळं कापड टाकलं. एका सराफानं सोन्याचा वजनकाटा दिला आणि त्याहून मोठं काम म्हणजे शनिवारच्या रात्रीपुरती दुकानातली तिजोरी दिली. प्रत्येकानं आपली पेटी स्वतः कुलूप लावून, वर कागद चिकटवून, कागदावर सही करून दिली. सराफ हसत होता. "तांब्याचे पैसे आहेत ना हे?" तरी त्यानं रात्री स्वतःचा माणूस दुकानात झोपवला. पोलीस ठाण्यात लेखी कळवलं होतं. तिथल्या हवालदारांनी एकच विचारलं, गर्दी किती होईल. आम्ही म्हटलं, दीडशे.

गर्दीची गोष्ट आता येतेच आहे.

कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ होती: 'नागरिकांना आपल्याकडील जुनी नाणी तज्ज्ञांकडून ओळखून घेता येतील.' हेतू चांगला होता. घरोघरी देव्हाऱ्यात, लक्ष्मीपूजनाच्या डब्यात शिवराया असतात. त्या बघायला मिळाल्या तर आम्हालाच फायदा. ही बातमी स्थानिक पानावर छापून आली तेव्हा तिचा मथळा झाला होता, 'जुनी नाणी-नोटा घेऊन या'. नोटांचा शब्द कुठून आला देव जाणे. रविवारी सकाळी नऊ वाजता कार्यालयाबाहेर रांग लागली, आणि तिच्यातल्या बहुतेकांच्या हातात शिवराई नव्हती. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट होती, ७८६ आकडा असलेली नोट होती, वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचचं नाणं होतं. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत या वस्तूंना लाखो रुपये मिळतात असं सांगतात, आणि लोक खटावहून, पाटणहून, जावळीतून एसटीनं आले होते.

ही माणसं भोळी आहेत असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला कर्ज आहे, मुलीचं लग्न ठरलंय, त्याला पाकिटातली एक नोट लाखाची आहे असं कुणीतरी छातीठोक सांगतं. तो निदान विचारायला तरी येणारच. आम्ही घाईघाईनं फळा लावला. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, बँक त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन घेत नाही, आणि बँकेच्या नावानं पैसे मागणाऱ्यांना बळी पडू नका. हे मोठ्या अक्षरांत लिहिलं. फळा वाचून दोघे-तिघे परत गेले. बाकीचे म्हणाले, "ते ठीक आहे, पण माझी तर बघा."

एक गृहस्थ पन्नाशीचे, पांढरी टोपी, सोबत मुलगा. त्यांनी ट्रॅक्टरच्या नोटेसाठी फोनवरच्या माणसाला आधीच 'रजिस्ट्रेशन फी' पाठवली होती, मग 'जीएसटी', मग 'फाइल चार्ज'. आता तो आणखी मागत होता, आणि हे आमच्याकडे खात्री करायला आले होते की नोट खरी आहे ना. नोट खरीच होती. पाच रुपयांची. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मुलाकडे बघून म्हणाले, "बघ, तू म्हणत होतास." मुलगा उलट वडिलांचीच बाजू घेऊन आमच्यावर चिडला. तिथेच बसून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला, पैसे पाठवल्याचे मेसेज काढून दिले, तक्रार नोंदवली. जेवून जा म्हटलं तर थांबले नाहीत. दिवसभरात अशी आणखी माणसं आली. नाणी ओळखायला बसवलेले आमचे दोघे तज्ज्ञ दुपारपर्यंत नाणकशास्त्र विसरून समुपदेशन करत होते. पुन्हा असं संमेलन कुणी भरवणार असेल तर एवढं जरूर करावं: नोटांसाठी आणि चालू नाण्यांसाठी दाराबाहेर वेगळं टेबल, तिथे बोलका, सोशिक माणूस, आणि फळा बातमीच्या आधी तयार.

त्या रांगेतूनच एक आजी आल्या. पदराच्या गाठीत बांधलेली एक शिवराई, हळदीकुंकवानं अक्षरं बुजलेली. विकायची नव्हती. "सासूबाई दिवाळीला पुजायच्या. ही खरीच ना, एवढं सांगा." खरीच होती, दुदांडी, वजनही बरोबर. आमच्या एका तरुण सभासदानं हळद काढून अक्षरं बघू का म्हणून विचारलं, आणि त्यांनी नाणं पटकन परत घेतलं. ते योग्यच केलं. या छंदातल्या निम्म्या नाण्यांचं वाटोळं चिंच, लिंबू आणि पितळ घासायच्या पावडरीनं झालेलं आहे. दोनशे वर्षांत तांब्यावर चढलेला थर एका रात्रीत काढून लोक चकचकीत नाणं आणून दाखवतात आणि कौतुकाची वाट बघतात.

खोट्या नाण्यांचं कसं करायचं, हा प्रश्न आम्ही बैठकीत टाळत आणला होता. राज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली त्या निमित्तानं होनाच्या आणि शिवराईच्या प्रतिकृती भरपूर निघाल्या, भेट म्हणून वाटल्या गेल्या. त्यात वाईट काही नाही. प्रतिकृती म्हणून दिल्या तर ती आठवणीची वस्तू. पण हात बदलता बदलता त्यांचं 'पणजोबांच्या पेटीतलं नाणं' होतं. शिवाय मुद्दाम बनवलेली खोटी नाणी वेगळीच. ओतीव असेल तर कडेला साच्याची बारीक रेघ दिसते, पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खळगे असतात, अक्षरांच्या कडा मऊ वाटतात. ठोकून पाडलेल्या नाण्यात तांबं ठशाखाली दाबलं जाऊन कडेकडे पसरलेलं असतं. दोन 'वेगवेगळ्या' नाण्यांवर नेमक्या त्याच जागी तोच ओरखडा सापडला तर समजून जायचं. हे सगळं पडद्यावर दाखवायला सोपं आहे. समोर बसलेल्या ज्येष्ठ माणसाच्या पेटीतलं सर्वांत लाडकं नाणं ओतीव आहे, हे त्याला सांगायचं कसं?

तेव्हा कार्यालयातल्या वधूपक्षाच्या खोलीचा उपयोग सुचला. दाराला आतून कडी, एक टेबल, एक दिवा, भिंग, वजनकाटा, आणि आत फक्त दोन जाणकार. ज्याला नाणं तपासून घ्यायचंय त्यानं एकट्यानं आत जायचं. निकाल तोंडी, कागदावर काही नाही, आत काय झालं ते बाहेर कुणी विचारायचं नाही. सुरुवातीला कुणी फिरकेना. मग एक डॉक्टर गेले, पाच मिनिटांत बाहेर आले, चेहऱ्यावर काही नाही, सरळ चहाकडे गेले. त्यानंतर दाराशी रांगच लागली. काही जण आत गेले ते बराच वेळ आतच राहिले. एक काका बाहेर येऊन मला म्हणाले, "साखर नको चहात," आणि पुढच्या क्षणी आपणहून दोन चमचे घालून घेतली.

भाषणांतलं एकच सांगतो. पुण्याहून आलेले निवृत्त प्राध्यापक शिवरायांच्या कालनिर्णयावर बोलणार होते, आणि त्यांचा मुद्दा असा की आज हातात येणाऱ्या बहुतेक शिवराया महाराजांच्या हयातीतल्या नाहीत. पुढच्या काळातल्या आहेत. अभ्यासकांना यात नवीन काही नाही. पण सभागृहात अभ्यासकांखेरीज गावातली तरुण मंडळीही होती. त्यांनी खुर्च्या लावल्या होत्या, वाहनतळ सांभाळला होता, आणि महाराजांच्या नावासाठी आली होती. समितीत काही जणांना भाषणच नको होतं. वाद नको, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते जेवणाच्या ठीक आधी ठेवलं, म्हणजे काही झालं तरी पंगत बसली की मिटेल.

झालं तसंच. एक मुलगा उठला, आवाज चढलेला. "सर, म्हणजे आमच्या घरातली खोटी म्हणायची का?" प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं: संभाजी महाराजांच्या, राजाराम महाराजांच्या, शाहूंच्या नावाचीही तांब्याची नाणी आहेत, पण ती थोडी. पुढे पेशवाईत मराठी टांकसाळींत चांदीचा रुपया पडायचा तो दिल्लीच्या बादशहाच्या नावानं. चांदवडचा घ्या, अंकुशी घ्या. व्यापारासाठी तो चालायला हवा होता. पण बाजारात भाजी घेताना जो तांब्याचा पैसा हातात यायचा, त्यावर नाव राहिलं 'श्री राजा शिव'. "तुमच्या घरातली पेशवाईतली असेल. म्हणजे महाराज जाऊन शंभर वर्षं झाल्यावरही ज्यांनी ती पाडली त्यांना दुसरं नाव घालावंसं वाटलं नाही. खोटी कशी म्हणू?" मुलगा उभाच होता. मग म्हणाला, "हे फ्लेक्सवर लिहायला पाहिजे होतं." जेवताना तो प्राध्यापकांच्या शेजारी बसला आणि त्यांना आग्रह करून जिलबी वाढत होता, सरांना मधुमेह आहे हे आम्ही त्याला नंतर सांगितलं.

सर्वांत अवघड गेलं ते सापडण्याच्या जागांचं सत्र. अभ्यासकाच्या दृष्टीनं नाण्यापेक्षा ते कुठे सापडलं हे मोलाचं. एका तालुक्यात एकाच धाटणीच्या शिवराया पुन्हा पुन्हा मिळत असतील तर आसपास टांकसाळ असावी असा तर्क करता येतो. आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. नाणी येतात नदीपात्रात गाळ चाळणाऱ्या झारेकऱ्यांकडून, जुनं घर पाडताना निघालेल्या मडक्यातून, भांड्यांच्या मोडीतून. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दलचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ज्यानं मडकं विकलं त्यानं कळवलेलं नसतं, ज्यानं घेतलं त्यानं विचारलेलं नसतं. त्यामुळे व्यासपीठावरून 'आपलं नाणं कुठलं?' असा प्रश्न आला की सभागृहातले सगळे आपापल्या चपला शोधू लागतात.

शनिवारी ते सत्र पडलंच. रात्री पत्र्याचा एक डबा घेतला, झाकणाला फट पाडली. रविवारी चहाच्या टेबलाशी ठेवला, बाजूला कोऱ्या चिठ्ठ्या: तालुका, वजन, अक्षरं कशी लिहिली आहेत. नाव नाही, गाव नाही, वर्ष नाही. दुपारपर्यंत डबा हलवला तर आतून आवाज येईना, इतका भरला होता. त्यात थापाही असणार. एका चिठ्ठीवर तालुक्याच्या जागी 'लंडन' होतं. कोरेगावच्या सरांना हा प्रकार मुळीच पसंत नाही. निनावी नोंद ही नोंदच नव्हे, ती छापताही येत नाही, असं ते म्हणतात, आणि शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच की आजवर यांच्यापैकी एकानंही काहीही लिहून दिलेलं नव्हतं. त्या चिठ्ठ्या तालुकावार लावायचं काम सध्या सरच करत आहेत.

ठसे जुळले का? जुळले. नाशिकचे काका आणि कोल्हापूरचे एक शिक्षक, दोघांची नाणी शेजारी ठेवली तर 'जा'च्या कान्याला त्याच जागी तीच तडे गेल्याची खूण. दोघेही बराच वेळ भिंगातून बघत राहिले. फोटो काढू का विचारलं तर दोघांनी एकदम नाही म्हटलं. मग नाण्यावर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासली, जुन्या अभ्यासकांची पद्धत; त्याला मात्र दोघे तयार झाले, कारण पेन्सिलीच्या घासणीवरून नक्कल बनवता येत नाही. त्या कागदांचा एक संच आम्ही अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेतल्या जाणकारांना दाखवायचं ठरवलं आहे. कागद मात्र दोघांनी अर्धे अर्धे आपल्याकडेच ठेवलेत.

मी नोकरी लेखापरीक्षकाकडे करतो, त्यामुळे हिशेब माझ्या गळ्यात पडला होता. संस्था नोंदणीकृत नाही, म्हणून बँकेत खातं निघेना. सगळे पैसे माझ्या यूपीआयवर आले आणि घरी त्याची चौकशी झाली. टेबलांचं भाडं आणि प्रतिनिधी शुल्क मिळून कार्यालय आणि जेवण निघालं. रविवारच्या रांगेला आम्ही जो चहा पाजला तो कुठल्याच अंदाजात नव्हता, तो वर्गणी काढून भरला. पावती पुस्तकावर बऱ्याच जणांनी नावाच्या जागी फक्त आडनाव लिहिलंय, एकानं 'एक हितचिंतक'. ऑडिटला असलं चालत नाही हे मी त्यांना सांगून बघितलं.

पुढचं संमेलन नाशिकला. अंजनेरी जवळ आहे या मुद्द्यापुढे कोल्हापूरकरांनी फार ताणलं नाही. काकांनी कार्यालयं बघायला सुरुवातही केली, पौषातलीच तारीख. परवा त्यांचा फोन आला.

"एक कार्यालय बघितलंय. दोन खोल्या आहेत. एक खोटी नाणी सांगायला. दुसरी घ्यायची का?"

"कशाला?"

"खरी सांगायला. खरं निघालं तरी लोक म्हणतात, बाहेर बोलू नका."